कबुतराच्या डोळ्यासाठी फ्लॅश

(तैवानमधलं युएन्लिन. कॅमेऱ्यांचं एक छोटं दुकान, दुपारची वेळ. काउंटरवर तीन-चार फ्लॅश उघडून ठेवलेले, शेजारी गिऱ्हाइकांनी आणलेला कॅमेरा. स्टुलावर वेताची झाकणवाली टोपली आणि टोपलीत एक शर्यतीचं कबूतर. मू-शुई आणि श्यू-लुआन हे नवरा-बायको समुद्राकाठच्या फांगयुआनहून स्कूटरवर आलेत. यू-वेन दुकानाची मालकीण.)

मू-शुई : हा नको.

यू-वेन : ह्यात काय खटकलं, काका?

मू-शुई : शिट्टी वाजते ह्याची.

यू-वेन : चार्ज होताना बारीक आवाज येतो, तो. सगळ्याच फ्लॅशचा येतो.

मू-शुई : तेच म्हणतोय. ससाणा वरून झडप घालतो ना, तेव्हा असाच आवाज होतो. पक्षी बिथरेल.

श्यू-लुआन : ससाणा शिट्टी वाजवत येतो हे मला आजच कळलं.

मू-शुई : तुला कसं कळणार? तू कधी गच्चीवर होतीस?

श्यू-लुआन : पोरी, तू ह्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. पहिला फ्लॅश जड होता. दुसरा हलका होता, म्हणून तो टिकणार नाही. तिसऱ्यावर बटणं फार होती. आता हा ससाणा निघाला. पाचवा आण, त्याच्यातही काहीतरी निघेल.

यू-वेन : पाचवा ह्याच कॅमेऱ्याच्या कंपनीचा आहे, काकू. पण त्याची किंमत ऐकून तुम्ही टोपली उचलून चालायला लागाल.

मू-शुई : किती?

यू-वेन : ह्या साध्याच्या सहापट.

मू-शुई : तो चांगला असेल.

श्यू-लुआन : बघ. घ्यायचा नसतो तेव्हा माणसाला महागातलंच आवडतं.

यू-वेन : मला आधी नीट सांगा बघू. फोटो नक्की कशाचे काढायचेत? लग्नाकार्यातले असतील तर एक फ्लॅश, घरातले असतील तर दुसरा.

श्यू-लुआन : टोपलीत बसलाय त्याचे. असे चाळीसेक आहेत घरी. प्रत्येकाचे तीन फोटो. एक आख्ख्या पक्ष्याचा, एक पंख पसरून, आणि एक नुसत्या डोळ्याचा.

यू-वेन : नुसत्या डोळ्याचा?

मू-शुई : डोळ्याच्या बुबुळाभोवती रंगाची कडी असतात. एकात एक. घेणारे ती बघतात. त्यावरून म्हणे कळतं, पक्षी किती लांबून घर शोधत येईल ते.

यू-वेन : खरंच कळतं?

मू-शुई : नाही. पण डोळा बघितल्याशिवाय कोणी बोली लावत नाही.

यू-वेन : म्हणजे विकायला काढलेत.

श्यू-लुआन : येत्या रविवारी लिलाव आहे. इंटरनेटवर. आमच्या मुलानं, आ-हावनं सगळं जमवून दिलंय. तो शिन्चूला असतो, त्यानंच स्वतःचा कॅमेरा पाठवला. हा, आरसा नसलेला, काय म्हणतात त्याला.

यू-वेन : मिररलेस.

श्यू-लुआन : तो. जवळून काढायची लेन्सपण पाठवली. मग कार्ड नव्हतं. कार्ड आणलं, तर हात हलतो म्हणून तिकाटणं हवं. तिकाटणं आलं, तर आता उजेड नाही. महिना झाला, पोरी. चाळीस चौकटी आहेत त्या पानावर. चाळीसच्या चाळीस रिकाम्या.

मू-शुई : काढले होते फोटो.

श्यू-लुआन : काढले होते ना. थांब, मोबाइलमध्ये आहेत. हे बघ.

यू-वेन : हे... काय आहे?

श्यू-लुआन : हा ह्यांचा सगळ्यात चांगला नर. मागच्या हिवाळ्यात भर समुद्रावरून परत आला होता. शेकडो पक्षी सोडले होते, परतले मूठभर. फोटोत कोळशाचं पोतं वाटतो.

मू-शुई : गच्चीवरच्या ढाबळीत उजेड नसतो.

श्यू-लुआन : मग बाहेर काढायचा. फांगयुआनच्या गच्चीवर ऊन आणि वारा ह्या दोनच गोष्टी आहेत.

मू-शुई : उन्हात डोळा नुसता चमकतो. कडी दिसत नाहीत.

यू-वेन : ते मात्र खरं आहे, काकू. फ्लॅश लागेलच.

श्यू-लुआन : लागू दे की. मी कुठे नाही म्हणते? मी तर पैसे हातात घेऊन उभी आहे.

मू-शुई : घरी जुना फ्लॅश आहे. माझ्या मोठ्या भावाचा. आमच्या लग्नात त्यानंच फोटो काढले होते. तो लावला तर?

यू-वेन : तो लावू नका. रिळाच्या काळातले फ्लॅश फार जास्त दाबानं वीज सोडतात. ह्या कॅमेऱ्यावर चढवलात तर आतलं सर्किट जळू शकेल.

मू-शुई : असं होय.

श्यू-लुआन : आ-हावनंही हेच सांगितलंय. त्या दिवसापासून ह्यांना दुसरा फ्लॅश सुचत नाही. कॅमेरा जळाला की लिलाव दोन महिने पुढे.

मू-शुई : मी असं काही म्हटलं नाही.

श्यू-लुआन : म्हणता कुठे तुम्ही काही? मास्क वर घ्या.

मू-शुई : दुकानात आहे मी.

श्यू-लुआन : टोपलीही दुकानातच आहे. नाकावर घ्या. नाकावर, हनुवटीवर नाही.

यू-वेन : काकांना सर्दी आहे का?

श्यू-लुआन : ह्यांच्या फुप्फुसात कबुतरं गेलीत.

यू-वेन : कबुतरं?

श्यू-लुआन : त्यांच्या पिसांची धूळ असते, पिठासारखी, पांढरी. हे रोज पहाटे ढाबळीत जाऊन बसायचे ते सूर्य वर येईपर्यंत. पस्तीस वर्षं. आता दोन जिने चढले की भिंतीला धरून उभे राहतात. डॉक्टरांनी छातीचा फोटो लावून दाखवला.

मू-शुई : तो फोटो छान आला होता.

श्यू-लुआन : फ्लॅश नसताना.

मू-शुई : हं. फ्लॅश नसताना.

यू-वेन : म्हणून विकताय.

श्यू-लुआन : डॉक्टर म्हणाले, एकसुद्धा ठेवायचा नाही. मी विचारलं, एक नर आणि एक मादी, लांब कोपऱ्यात ठेवली तर? म्हणाले, तुम्हाला नवरा कुठल्या कोपऱ्यात ठेवायचाय ते आधी ठरवा.

मू-शुई : तू असं विचारलं होतंस?

श्यू-लुआन : तुम्ही तेव्हा रक्त द्यायला आत गेला होता.

मू-शुई : मला बोलली नाहीस.

श्यू-लुआन : नाही म्हणाले ना ते. मग काय बोलायचं?

यू-वेन : काका, चांगले पक्षी आहेत म्हणताय, तर चांगल्या माणसांकडेच जातील. उडतील, शर्यती जिंकतील. तुमचं नाव राहील.

मू-शुई : उडणार नाहीत.

यू-वेन : म्हणजे?

मू-शुई : मोठा झालेला पक्षी विकत घेतला की नव्या मालकाला तो कधीच सोडता येत नाही. सोडला की तो सरळ आमच्या गच्चीवर येणार. दोन वर्षांनी सोडा, चार वर्षांनी सोडा. घर म्हणजे एकच, पहिलं. म्हणून त्याला बंद ठेवतात. पिल्लं काढायला. मरेपर्यंत.

यू-वेन : हे मला माहीत नव्हतं.

मू-शुई : घेणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून तर ते डोळा बघतात. पंख त्यांच्या काही कामाचे नसतात.

श्यू-लुआन : आता बोललात. महिनाभर ढाबळीत उजेड नाही, हात हलतो, कार्ड छोटं आहे, आणि बोललात कुठे, तर दुकानात परक्या पोरीसमोर.

मू-शुई : तू विचारलं नाहीस.

श्यू-लुआन : मला माहीत होतं. जे माहीत आहे ते काय विचारायचं?

यू-वेन : चहा घेता का दोघं? थंड आहे. मी ओतते.

श्यू-लुआन : ह्यांना बिनबर्फाचा. आणि फ्लॅशचं बोल. आज घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही.

यू-वेन : ठीक आहे. तुमचं काम कळलं मला, त्यामुळे सोपं झालं. पक्षी एका जागी, कॅमेरा एका जागी, अंतर बदलणार नाही. मग आपोआप उजेड मोजणारा फ्लॅश कशाला घ्यायचा? त्याचे पैसे वायाच. हा साधा घ्या. बाहेरच्या कंपनीचा आहे, पण माझ्याकडून शाळांचे फोटो काढणारे नेतात, कोणी परत घेऊन आलेलं नाही. ही चकती फिरवून उजेड कमी-जास्त करायचा. एकदा बसवला की चाळीस पक्षी होईपर्यंत हात लावायचा नाही.

मू-शुई : लेन्सची सावली पडेल. जवळून काढायचं म्हणजे लेन्स पक्ष्याच्या चोचीशी जाते. फ्लॅश वर बसणार, मधे लेन्स.

यू-वेन : बरोबर. म्हणून तो वर बसवायचाच नाही. ही वायर कॅमेऱ्याच्या खाचेत घालायची, दुसऱ्या टोकाला फ्लॅश, आणि तो बाजूला धरायचा. पुढे हा पांढऱ्या कापडाचा डबा लावला की उजेड मऊ होतो.

मू-शुई : डोळ्याला इजा होईल.

यू-वेन : डोळा मिटायच्या आत संपतो तो उजेड. करून बघा ना इथेच. पक्षी आणलायच तुम्ही.

मू-शुई : आणलाय तो दाखवायला. किती मोठा आहे ते कळावं म्हणून.

श्यू-लुआन : मग दाखवू या. हात मागे घ्या तुम्ही. मी काढते.

मू-शुई : तुझ्याकडून सुटेल तो.

श्यू-लुआन : दार लाव गं पोरी. आणि तो वरचा पंखा बंद कर. ये रे. ये. हं.

यू-वेन : काकू, किती शांत बसलाय हो तुमच्या हातात.

श्यू-लुआन : शहाणा आहे तो.

मू-शुई : असं धरायला कोणी शिकवलं तुला?

श्यू-लुआन : त्यात काय शिकायचंय? पाय दोन बोटांत, अंगठा पाठीवर. इतकी वर्षं बघतेय मी खालून अंगणातून.

मू-शुई : खालून बोटं दिसत नाहीत.

श्यू-लुआन : कॅमेरा धरा तुम्ही.

यू-वेन : मी फ्लॅश धरते. असा, जरा वरून, तिरका. काकू, त्याचं तोंड माझ्याकडे. काका, डोळा नीट दिसला की दाबा. घाई नाही.

मू-शुई : दाबतो.

यू-वेन : झाला. हललासुद्धा नाही तो.

श्यू-लुआन : हलले ते हे.

मू-शुई : मी तयार नव्हतो.

यू-वेन : बघू द्या. मोठा करा. अजून. अरे वा. काका, हे तर तांब्याच्या वाटीत मध ओतल्यासारखं दिसतंय.

मू-शुई : कडेला लाल आहे बघ. बाहेरून आत, रक्तासारखं. आणि आत हे बारीक काळं कडं, तुटक. ह्याच्या आजीचा डोळा असाच होता. ती चक्रीवादळाच्या दुसऱ्या दिवशी आली. एका पंखाची चार पिसं नव्हती. मी तिच्या डोळ्यात बघितलं तेव्हा असाच होता.

श्यू-लुआन : तेव्हा फोटो काढला असता तर?

मू-शुई : तेव्हा मला कोणाला विकायची नव्हती ती. कशाला काढू फोटो?

यू-वेन : उजेड ठीक वाटतोय ना, काका? अजून एक काढू. आख्ख्या पक्ष्याचा. काकू, थोडं मागे सरका. हं. दाबा.

मू-शुई : झाला.

यू-वेन : हाही छान आला. पिसं अगदी एकेक दिसतायत.

मू-शुई : वजन वाढलंय ह्याचं.

श्यू-लुआन : फोटोत तसं वाटतं. माझंही फोटोत वाढतं.

मू-शुई : छाती बघ ह्याची. बसून वाढलेली नाही. ही उडण्याची छाती आहे. दाणे काय घालतेस ह्याला?

श्यू-लुआन : तुम्ही लिहून दिलेत तेच.

मू-शुई : मी मका लिहून दिला होता.

श्यू-लुआन : मका घालते. आणि शेंगदाणे. चारच. उडून आल्यावर.

मू-शुई : उडून आल्यावर?

श्यू-लुआन : चहा छान आहे गं तुझा. कुठून आणतेस?

मू-शुई : श्यू-लुआन, मी ढाबळ बंद ठेवायला सांगितली होती. लिलाव होईपर्यंत. ससाण्यानं एक नेला तर...

श्यू-लुआन : नेला नाही.

मू-शुई : कधी सोडतेस?

श्यू-लुआन : पहाटे. तुम्ही त्या गोळीनं झोपलेले असता. घोरताही.

मू-शुई : सगळे?

श्यू-लुआन : सगळे. आधी थोडे थोडे सोडत होते. मग राहिलेले आतून असे बघायचे की मला चहा गोड लागेना. आता सगळे.

मू-शुई : आणि परत कसे बोलावतेस? तुला शिट्टी येत नाही.

श्यू-लुआन : नावानं हाका मारते.

मू-शुई : त्यांना नावं नाहीत. नंबर आहेत.

श्यू-लुआन : तुमच्याकडे नंबर आहेत.

यू-वेन : ह्याचं नाव काय, काकू?

श्यू-लुआन : हा जावई. सगळ्यांत उशिरा येतो आणि सगळ्यांत आधी जेवतो.

मू-शुई : ह्यानं दोन शर्यती जिंकल्यात.

श्यू-लुआन : असेल. माझ्याकडे उशिराच येतो.

यू-वेन : काका, तुम्ही बसा ना जरा. हा स्टूल घ्या.

मू-शुई : मला एक सांग. सकाळी मी उठतो तेव्हा तुझे केस ओले असतात. रोज. मी म्हटलं, हिवाळ्यात ही पहाटे न्हाते कशाला?

श्यू-लुआन : धूळ असते ना केसांत. तुमच्या खोलीत यायचं असतं. वरच नळाखाली न्हाते, कपडे वरच टाकते, मग खाली येते.

मू-शुई : उत्तरेचं वारं असताना?

श्यू-लुआन : नळाला कुठे कळतं कुठलं वारं आहे ते.

मू-शुई : आणि मास्क?

श्यू-लुआन : मास्क लावला तर हाक कशी ऐकू जाणार त्यांना?

मू-शुई : परवा पहाटे मला जाग आली होती. खोकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मीच खोकतोय.

श्यू-लुआन : तुम्हीच असाल.

मू-शुई : आवाज वरून येत होता. मी खाली होतो.

श्यू-लुआन : शेजारचा असेल कोणी.

मू-शुई : शेजारी गच्ची नाही. तिकडे कालवांचं गोदाम आहे.

श्यू-लुआन : ठसका लागला असेल मला. एखाद वेळी लागतो.

मू-शुई : किती दिवस लागतोय?

श्यू-लुआन : मोजलं नाही.

मू-शुई : ए मुली, हा बांध. हा साधा. वायर दे, तो पांढरा डबा दे, सेल दे. फोटो आजच काढायला घेतो.

यू-वेन : नक्की, काका? म्हणजे वेळ घ्या हवा तर. दुसरा एक आहे...

मू-शुई : दुसरा नको. हाच.

श्यू-लुआन : थांब जरा. किती सेल लागतात ह्याला?

यू-वेन : चार, काकू. साधेच. कुठल्याही दुकानात मिळतात.

श्यू-लुआन : चार म्हणजे फार होतात. मधेच संपले तर?

यू-वेन : एवढे फोटो आरामात निघतील. मी वर चार देते, जास्तीचे.

श्यू-लुआन : वायर आखूड वाटते.

यू-वेन : काकू, आत्ता पुरली ना?

श्यू-लुआन : इथे पुरली. आमच्याकडे टेबल उंच आहे. आणि हा काळा आहे. पांढरा नाही मिळत?

यू-वेन : फ्लॅश काळेच असतात.

श्यू-लुआन : बाकीचे घाबरतील. हा जावई आहे, ह्याला कसली लाज नाही. पण माद्या असतात, त्यांना असलं काळं काही डोळ्यांसमोर आलेलं...

मू-शुई : श्यू-लुआन.

श्यू-लुआन : मी फक्त विचारतेय. वस्तू घेताना विचारू नये का? तासभर तुम्ही विचारत होता तेव्हा कोणी काही बोललं नाही.

मू-शुई : विचार. सगळं विचार. पण हाच घ्यायचाय.

श्यू-लुआन : तुम्ही नको नको म्हणत होता तेच बरं होतं. तुम्ही नको म्हटलं की मी रागावायची. आता कोणावर रागावू?

यू-वेन : काकू, मी त्याला हातात घेऊ का थोडा वेळ? तुम्ही चहा प्या.

श्यू-लुआन : नको. बसू दे त्याला.

मू-शुई : रविवार पुढे ढकलू या म्हणालीस तर आ-हाव ढकलेल. तू सांगितलंस तर तो नाही म्हणणार नाही.

श्यू-लुआन : नाही.

मू-शुई : सांगू का मी त्याला?

श्यू-लुआन : नाही म्हटलं ना. ढकलून काय होणार? पुढच्या रविवारीही ते कबूतरच असणार आणि तुम्हीही तेच असणार.

मू-शुई : आणि तू.

श्यू-लुआन : बांध गं, पोरी. नीट बांध, स्कूटरवर न्यायचंय.

यू-वेन : ह्याला वर्षाची हमी आहे. काही झालं तर आणून द्या, बदलून देईन.

मू-शुई : वर्ष कशाला? आम्हाला रविवारपर्यंत पुरे.

यू-वेन : मग नंतर परत आणा. फार वापरलेला नसेल तर मी अर्ध्या किमतीला घेईन. कोणीतरी नेईल.

मू-शुई : श्यू-लुआन, काय करायचं?

श्यू-लुआन : राहू दे. गच्ची रिकामी झाली की तिथे मिरच्या लावीन म्हणते. मिरच्यांचे काढा फोटो.

मू-शुई : मिरच्यांना डोळे नसतात.

श्यू-लुआन : मग तर सोपं पडेल तुम्हाला.

यू-वेन : हे घ्या. फ्लॅश, वायर, डबा, आणि सेल वेगळ्या पिशवीत. घरी गेल्यावर चकती मी ठेवलीय तिथेच ठेवा. आणि काकू, पंख पसरून काढताना तुम्ही पंख धराल, तेव्हा काकांना म्हणावं, फ्लॅश दोन वीत मागे न्या.

श्यू-लुआन : मी धरणार, हे बटण दाबणार, आणि फ्लॅश कोण धरणार?

मू-शुई : तिकाटण्याला बांधू. काहीतरी उपयोग होऊ दे त्याचा. आणि तूही मास्क लावायचास.

श्यू-लुआन : लावते.

मू-शुई : उद्या पहाटेपासून. हाका मारायच्या नाहीत.

श्यू-लुआन : मग ते येणार कसे खाली?

मू-शुई : मी शिट्टी वाजवीन. खालून, अंगणातून. ऐकू जाते तिथपर्यंत.

श्यू-लुआन : म्हणजे सोडायचे? रविवारपर्यंत?

मू-शुई : रोज. दोनदा. संध्याकाळीपण.

श्यू-लुआन : ससाणा?

मू-शुई : येऊ दे.

यू-वेन : काकू, झाकण लावू टोपलीचं? पक्षी आत ठेवता?

मू-शुई : आत नको ठेवूस. इथूनच सोडू त्याला.

यू-वेन : इथून? रस्त्यावरून?

मू-शुई : चला बाहेर, समोर मोकळं आहे. तारा पलीकडे आहेत.

यू-वेन : सापडेल घर? तुम्ही तर त्याला झाकून आणलंत.

मू-शुई : सगळ्या शर्यतींना झाकूनच नेतात.

श्यू-लुआन : तुम्ही सोडता?

मू-शुई : मला कुठे धरायची परवानगी आहे?

श्यू-लुआन : मोकळ्या हवेत आहोत. वारा तुमच्या पाठीकडून येतोय. हात पुढे करा. मी देते, लगेच सोडा. छातीशी नाही घ्यायचा.

मू-शुई : हं. दे.

श्यू-लुआन : धरलात?

मू-शुई : धरला.

श्यू-लुआन : लगेच म्हटलं होतं मी.

मू-शुई : सोडतो. जा.

यू-वेन : गेला. अरे, हा तर उलटीकडे चाललाय, काका. समुद्र तिकडे नाही.

मू-शुई : एक फेरी मारतो आधी. बघतो कुठे आहोत ते. आता दुसरी मारेल, मोठी. हं. आता वळला बघ. पश्चिमेला.

यू-वेन : त्या बँकेच्या इमारतीवरून गेला. आता नाही दिसत मला.

मू-शुई : अर्धा तास लागेल त्याला. वारा बाजूनं आहे, थोडा जास्त.

श्यू-लुआन : आपल्याला तास लागेल. चला, बसा मागे. चालवते मी.

मू-शुई : चौकात बा-वानची, त्या सारण भरलेल्या गोळ्यांची गाडी होती. येताना तू बघत होतीस.

श्यू-लुआन : वाफ येत होती म्हणून बघितलं.

मू-शुई : खाऊन जाऊ. वाटी-वाटी.

श्यू-लुआन : आणि तो पोचला तर? घरी कोणी नाही. दाणे कोण घालणार?

मू-शुई : दार उघडं ठेवलंयस ना?

श्यू-लुआन : दार उघडंच असतं.

मू-शुई : मग बसेल कठड्यावर.

श्यू-लुआन : वाट बघत?

मू-शुई : हं. आज त्याला बघू दे.